पाय नाहीत म्हणून साप नव्हे: शिलाँगच्या रस्त्यावरचा एक प्राणी आणि वर्गीकरणाचा प्रश्न

पानगळ (धागाकर्ता)

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चौघे शिलाँगहून चेरापुंजीकडे जात होतो. वाटेत चालकाने गाडी एकदम बाजूला घेतली आणि रस्त्यावर पडलेला एक प्राणी दाखवत ‘साप आहे, मेलेला आहे’ असे सांगितले. जवळ जाऊन पाहिल्यावर मला ते पटेना. अंग तपकिरी होते, पाठीवर निळसर ठिपक्यांचे तुटक पट्टे होते, पायांचा मागमूस नव्हता. परंतु त्याचा एक डोळा अर्धवट मिटलेला होता, आणि सापाचा डोळा मिटत नाही एवढे तरी शाळेपासून ठाऊक असते. डोळ्याच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढे छिद्रही होते. शेपटीचे दोन तुकडे वेगळे पडले होते आणि ते चिरडून तुटल्यासारखे न दिसता सांध्यातून सुटल्यासारखे दिसत होते. वहीच्या कडेने मोजले तेव्हा नाकापासून गुदद्वारापर्यंतचे अंतर एक वीतभर भरले, आणि तुटलेले तुकडे धरून शेपटी त्याहून बरीच लांब निघाली.

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरही सर्वांनी एकमुखाने सापच म्हटले. परत आल्यावर शोध घेतला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांतील जुन्या बातम्यांत ‘पाय नसलेला सरडा’ असा शब्दप्रयोग सापडला. त्यामुळे माझे दोन प्रश्न आहेत. हा प्राणी नेमका कोणता असावा? आणि असे सगळे बिनपायांचे प्राणी वर्गीकरणात एकाच घरात राहतात का? राहत नसतील, तर त्यांची घरे कोणती?

खापरखवल्या

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक विचारतो. मान संपते तिथून गुदद्वारापर्यंत, कुशीच्या बाजूने, पिशवीच्या शिवणीसारखी एक घडी होती का? छायाचित्रात पाहून सांगावे.

पानगळ

होय, दोन्ही बाजूंना आहे. मी ती गाडीच्या चाकाने पडलेली सुरकुती समजलो होतो.

खापरखवल्या

मग शंका उरत नाही. हा काचसाप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी आहे: डोपासिया ग्रॅसिलिस. जुन्या पुस्तकांत तो ओफिसॉरस ग्रॅसिलिस या नावाने सापडेल आणि आजही काही अभ्यासक तेच नाव चालवतात. ग्रे यांनी १८४५ मध्ये त्याचे वर्णन केले. दार्जिलिंग, सिक्कीम, अरुणाचल आणि खासी टेकड्या हा त्याचा भारतातील मुलूख आहे, तेव्हा आपण जिथे पाहिलात तिथे तो असणे स्वाभाविकच आहे.

त्या घडीचे काम मोठे गमतीचे आहे. या प्राण्यांच्या खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असतात, त्यामुळे अंग चिलखत घातल्यासारखे ताठ होते. चिलखत ताठ असेल तर श्वास घेताना, पोट भरल्यावर किंवा मादीच्या पोटात अंडी वाढत असताना फुगायला जागा हवी, आणि ती जागा या मऊ घडीतून मिळते. जिवंत प्राणी हातात धरला असता तो सापासारखा लवचिक न वाटता काठीसारखा वाटतो, असे हाताळणारे सांगतात ते याचमुळे.

‘काच’ हे नाव शेपटीमुळे पडले. मणक्यांमध्ये आधीपासून तुटण्याच्या जागा असतात. संकट आले की शेपूट तिथून सुटते, कधी कधी तिचे अनेक तुकडे होतात, आणि शत्रू त्या वळवळणाऱ्या तुकड्यांत गुंतला की मालक निसटतो. शेपूट पुन्हा येते, पण आखूड आणि वेगळ्या रंगाची. आपल्या घरातली पाल करते तेच हे आहे.

ओळख पटवण्याची जी लक्षणे आपण सहज नोंदवलीत (मिटणारी पापणी, कानाचे छिद्र, लांबलचक आणि सुटणारी शेपूट) तीच पुस्तकांत साप आणि बिनपायाचे सरडेवर्गीय यांच्यातील फरक म्हणून दिलेली असतात. त्यांत आणखी एकाची भर घालतो: पोट उलटे करून पाहावे. बहुतेक सापांच्या पोटावर आडव्या, रुंद खवल्यांची एकच ओळ असते, आणि या प्राण्यांच्या पोटावर लहान खवल्यांच्या अनेक ओळी असतात.

शब्दवेल्हाळ

माहिती उत्तम आहे. मात्र ‘सरडेवर्गीय’ या शब्दाशी मी अडखळलो आणि मूळ धाग्यातील ‘पाय नसलेला सरडा’ या शब्दप्रयोगाशी तर अधिकच. मराठीत सरडा म्हणजे कुंपणावर बसून मान हलवणारा आणि रंग बदलणारा. पाल वेगळी, घोरपड वेगळी, सापसुरळी वेगळी. इंग्रजीत या चौघींना मिळून एक शब्द आहे म्हणून आपण सरड्याला ओढून त्या सर्वांच्या डोक्यावर बसवावे का? आपल्याकडे सापसुरळीला ‘सापाची मावशी’ म्हणतात. त्या नावात नात्याचा काही अंदाज तरी आहे.

खापरखवल्या

शब्दवेल्हाळ यांचा आक्षेप भाषेचा वाटला तरी तो वर्गीकरणाच्या गाभ्याशी जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

मराठी अर्थाने जो सरडा, म्हणजे ॲगॅमिड कुळातील आपला बागेतला सरडा आणि त्याचे इग्वाना, शॅमेलिऑन इत्यादी भाऊबंद, त्या संपूर्ण शाखेत पाय गमावलेला एकही प्राणी ज्ञात नाही. तेव्हा काटेकोर मराठीत ‘पाय नसलेला सरडा’ अस्तित्वातच नाही! पाय गेले ते इतरांचे, आणि तेही एकदा गेलेले नाहीत. साप, पाली, सापसुरळ्या, घोरपडी, सरडे मिळून जो खवलेधारी गण होतो, त्याला स्क्वामाटा म्हणतात. या गणात पाय लहान होणे किंवा नाहीसे होणे हे दोन डझनांहून अधिक वेळा, एकमेकांशी संबंध न येता घडले असे मानले जाते.

आता घरे पाहू. आपण पाहिलेला काचसाप अँग्विडी कुळातील आहे आणि ते कुळ ज्या मोठ्या शाखेवर आहे तिच्यावर घोरपडही बसलेली आहे. म्हणजे शिलाँगच्या त्या प्राण्याचे घोरपडीशी असलेले नाते आपल्या सापसुरळीशी असलेल्या नात्याहून जवळचे आहे. त्याच कुळात युरोपातला स्लो-वर्म येतो आणि बाल्कनपासून मध्य आशियापर्यंत आढळणारा, सव्वा मीटरपर्यंत वाढणारा शेल्टोपुझिकही येतो. या शेल्टोपुझिकला पालास यांनी १७७५ मध्ये ‘लॅसर्टा अपोडा’ असे नाव दिले, म्हणजे शब्दशः बिनपायांची लॅसर्टा, आणि लॅसर्टा हे चार पायांवर धावणाऱ्यांच्या प्रजातीचे (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) नाव. अडीचशे वर्षांपूर्वी, नुसते निरीक्षण करून, पाय नसण्याला फारसे महत्त्व देऊ नये हे त्यांना कळले होते याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्या प्राण्याच्या गुदद्वाराजवळ मागच्या पायांचे तांदळाएवढे अवशेष अजूनही असतात.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधील पायगोपोडिडी कुळ याहून थक्क करणारे आहे, कारण ते पालींच्या शाखेवर येते. बहुतेक पालींप्रमाणे त्यांना पापण्या नाहीत, डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा ते जिभेने चाटून साफ करतात, त्यांना आवाज काढता येतो आणि ते एका वेळी बहुधा दोनच अंडी घालतात. मागच्या पायांच्या जागी खवल्यांची पातळ झडप तेवढी उरलेली असते. त्यांतला लायलिस बर्टोनिस हा लांब तोंडाचा प्राणी सापसुरळ्या पकडून गिळतो. एका पालवर्गीयाने सापाची जागा घेऊन सापाच्या मावश्याच खाव्यात, हा निसर्गाचा विनोद म्हणावा लागेल.

सापसुरळ्यांच्या कुळात, म्हणजे सिंसिडीमध्ये, पाय जाण्याचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. ऑस्ट्रेलियातील लेरिस्टा या एकाच प्रजातीत पाच बोटांच्या चार पायांपासून पूर्ण बिनपायांपर्यंतच्या सर्व पायऱ्या आजही जिवंत जातींमध्ये पाहायला मिळतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा सारा प्रवास एका फांदीवर अवघ्या ३६ लाख वर्षांत पार पडला असावा. भारताकडे या कुळातील बार्कुडिया आहे. नेल्सन ॲनन्डेल यांनी १९१७ मध्ये चिल्का सरोवरातील बारकुडा बेटावरून तिचे वर्णन केले. मातीत राहणारी आणि फारच थोड्यांदा दिसलेली ती जात आज अतिसंकटग्रस्त मानली जाते. पूर्व घाटातील सेप्सोफिस पंक्टॅटस १८७० मध्ये बेडोम यांनी नोंदवली आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ती कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती.

अंध, मातीत राहणारे डिबॅमस निकोबारवर आहेत, आणि रेणूंच्या अभ्यासात ते या साऱ्या गणाच्या अगदी बुंध्याजवळ, इतर सर्वांपासून दूर पडतात. कॅलिफोर्नियाच्या वाळूतील ॲनिएला अँग्विडीची शेजारी आहे. अँफिस्बीनिया, म्हणजे मातीत राहणारे गांडुळासारखे दिसणारे खवलेधारी, तर आणखी निराळेच, त्यांचे जवळचे नातलग युरोपातील लॅसर्टा. त्यांच्यातील मेक्सिकोच्या बायपीसने पुढचे दोन पाय ठेवले आणि मागचे टाकले.

खाडीकाठ

मी कॅलिफोर्नियात राहतो म्हणून ॲनिएलाबद्दल दोन ओळी. पेन्सिलीएवढा हा प्राणी वाळूत आणि पाचोळ्याखाली राहतो. बराच काळ राज्यात त्याची एकच जात मानली जात होती. २०१३ मध्ये तिच्यातून चार नव्या जाती वेगळ्या काढण्यात आल्या आणि त्यांना कॅलिफोर्नियात काम केलेल्या चार निसर्ग-अभ्यासकांची नावे देण्यात आली. त्यांपैकी एक जात लॉस एंजेलिस विमानतळाच्या धावपट्टीपलीकडच्या वाळूच्या टेकड्यांवर नांदते. आपण डोक्यावरून उडत जातो आणि खाली ती मंडळी वाळूत पोहत असतात.

खापरखवल्या यांच्या लक्षणांच्या यादीला मात्र एक धक्का देतो: ॲनिएलाला पापण्या आहेत, पण कानाचे बाह्य छिद्र नाही.

खापरखवल्या

धक्का मान्य आहे. पायगोपोडिडींना पापण्या नाहीत, ॲनिएलाला कान नाहीत, डिबॅमसला दोन्ही नाहीत. वाळा साप घेतला तर त्याच्या पोटावर रुंद खवले नसून सर्व अंगभर सारखेच खवले असतात, तरीही तो सापच आहे. त्यामुळे ही लक्षणे शिलाँगच्या रस्त्यावर उपयोगी पडतील, पण जगभर चालणारी कसोटी म्हणून कोणतेही एक लक्षण पुरणार नाही.

टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये आमच्या घरामागे खताच्या ढिगात स्लो-वर्म राहतात. पहिल्या वर्षी माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी फावडे मागितले आणि शेजारच्या आजोबांनी ते त्यांच्या हातातून अक्षरशः काढून घेतले. येथे १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला जाणूनबुजून मारणे किंवा इजा करणे गुन्हा आहे, आणि बांधकामापूर्वी पत्र्याचे तुकडे जमिनीवर पसरून, त्यांच्याखाली ऊब घ्यायला आलेले स्लो-वर्म उचलून दुसरीकडे हलवले जातात.

वर्गीकरणशास्त्राचा पाया घालणाऱ्या लिनियसने त्याला अँग्विस फ्रॅजिलिस म्हटले, फ्रॅजिलिस म्हणजे ठिसूळ. कानाच्या बाबतीत खाडीकाठ यांचे म्हणणे येथेही खरे ठरते, कारण इंग्लंडमधील बहुतेक स्लो-वर्मचे कानाचे छिद्र खवल्यांखाली झाकलेले असते. डोळे मिचकावतो यावरूनच आम्ही मुलांना ओळखायला शिकवतो. तो अंडी बाहेर घालत नाही. पिल्ले पातळ पडद्यातून थेट बाहेर येतात, सोन्याच्या तारेसारखी.

चष्मेवाला

मी या विषयातला नाही, ग्रंथालयात काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून मांडणीच्या अंगाने विचारतो. पुस्तके मी विषयानुसार लावू शकतो किंवा आकारानुसार. लांब, बिनपायाचे, सरपटणारे असे सारे प्राणी एका कप्प्यात ठेवले तर वाचकाला शोधायला सोपे जाते. लिनियसने तसेच केले होते ना? मग आपण ती सोय का मोडली?

खापरखवल्या

लिनियसने तसेच केले होते, हे खरे. ‘सिस्टेमा नॅचुरी’ या आपल्या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने साप या विभागात सहा प्रजाती ठेवल्या: क्रोटॅलस, बोआ, कोलुबर, अँग्विस, अँफिस्बीना आणि सिसिलिया. शेवटची तर सरीसृपही नाही. आपल्याकडे देवगांडूळ म्हणतात तो बेडकांचा नातलग आहे. अँग्विसमध्ये त्याने स्लो-वर्मबरोबर मांडुळाच्या जातीचे सापही घातले होते. ओपेल यांनी १८११ मध्ये देवगांडुळांना उभयचरांकडे हलवले आणि पुढच्या काळात इतरांचीही पांगापांग झाली.

आपल्या उपमेतच बोलायचे तर आकारानुसार लावलेल्या कपाटात पुस्तक सापडते, पण त्याच्या शेजारचे पुस्तक कोणते हे पाहून काहीच कळत नाही. वंशानुसार लावलेल्या कपाटात शेजारच्यावरून अंदाज बांधता येतो. लायलिस पालींच्या शाखेचा आहे हे कळले की तो डोळे का चाटतो, दोनच अंडी का घालतो, हे प्रश्न सुटतात. ‘बिनपायाचा’ एवढ्यावरून त्यातले काही कळले नसते.

आकार किती फसवतो याचे एक आतले उदाहरण देतो. शरीर लांब आणि अरुंद झाले की दोन फुप्फुसे शेजारी मावत नाहीत, एकाला लहान व्हावे लागते. सापांत डावे लहान झाले, अँफिस्बीनियांत उजवे. बाहेरून दोन्ही एकसारखे नळकांडे, पण तिथवर जाण्याचा रस्ता वेगळा होता हे आतले अवयव सांगतात.

चष्मेवाला

पटले. तरी एक खोच ठेवतो: आतल्या अवयवांवरूनही फसगत होऊ शकते, नाही का?

खापरखवल्या

होऊ शकते आणि झालीही. केवळ हाडे आणि अवयव पाहून काढलेल्या वंशवृक्षांत साप, अँफिस्बीनिया आणि डिबॅमस हे पुन्हापुन्हा एकमेकांच्या जवळ येत. २०१२ मधील एका फार मोठ्या शरीररचनेच्या अभ्यासातही ते तसेच आले. बिळात राहणाऱ्याची कवटी घट्ट होते, डोळे लहान होतात, कान झाकले जातात, मणके वाढतात. ही सर्व एकाच धंद्याची हत्यारे आहेत, आणि ती मोजली की धंदा मोजला जातो, वंश नव्हे. २००४-०५ पासून डीएनएवरून काढलेल्या वृक्षांनी हा गठ्ठा फोडला. त्यांच्यानुसार साप, घोरपडीची शाखा आणि सरड्यांची शाखा या तिघी एकमेकींच्या जवळ आहेत आणि पाली व सापसुरळ्या त्यांच्यापासून लांब आहेत. मी स्वतः डीएनएच्या बाजूचा आहे. हाडांच्या बाजूने बोलणारे अभ्यासक आजही आहेत.

यातून जे निघते ते बहुतेकांना रुचत नाही. साप या झाडाच्या शेजारचे दुसरे झाड नाहीत, ते त्याच झाडाची एक फांदी आहेत. पाय गमावणाऱ्या दोन डझन घराण्यांपैकी एक घराणे अफाट वाढले, जवळपास चार हजार जातींपर्यंत पोहोचले आणि आपण त्याला वेगळे नाव दिले, इतकेच. त्यामुळे ‘हा साप की सरडा’ हा प्रश्न ‘हा कोकणस्थ की भारतीय’ असे विचारण्यासारखा आहे. अजगराच्या आणि मांडुळाच्या गुदद्वाराशेजारी दोन नख्या असतात, त्या मागच्या पायांच्याच खुणा आहेत.

सह्यभ्रमर

नख्यांचा उल्लेख आला म्हणून विचारतो: पाय जातात म्हणजे पेशींच्या पातळीवर नेमके काय जाते? सूचनाच पुसली जाते का?

खापरखवल्या

सापांबाबत याचे चांगले उत्तर २०१६ मध्ये मिळाले. पाय घडवण्यासाठी सॉनिक हेजहॉग नावाचे जनुक लागते, आणि ते पायाच्या अंकुरात केव्हा चालू व्हावे हे झेडआरएस नावाचा डीएनएचा एक तुकडा ठरवतो. सापांमध्ये जनुक शाबूत आहे, कारण ते शरीरात इतरत्रही लागते. बिघडला आहे तो हा कळीचा तुकडा. उंदराचा झेडआरएस काढून तिथे सापाचा बसवला, तेव्हा उंदराची पिल्ले खुरटलेल्या पायांची झाली. सापाच्या तुकड्यात हरवलेली १७ अक्षरे परत घातली, तेव्हा पाय पुन्हा नीट वाढले. अजगराच्या गर्भात हा तुकडा थोडा वेळ काम करतो आणि थांबतो, म्हणून नखीपुरता पाय येतो. काचसाप किंवा बार्कुडिया यांचे पाय याच वाटेने गेले असे यावरून गृहीत धरू नये.

सह्यभ्रमर

मग गेलेले पाय परत येऊ शकतात का?

खापरखवल्या

फिलिपीन्समधील ब्रॅकिमेलीस या सापसुरळ्यांबाबत तसे झाले असावे, असे २०२० मधील एका अभ्यासाचे म्हणणे आहे: कोरड्या, सैल मातीत पाय गेले आणि पुढे हवामान दमट होऊन माती घट्ट झाल्यावर काहींचे परत आले. दक्षिण अमेरिकेतील बॅकिया या खवलेधाऱ्यांबद्दलही असाच दावा आहे. या दाव्यांवर वाद आहेत, आणि मला स्वतःला ते पूर्ण पटलेले नाहीत, कारण पाय अनेकदा स्वतंत्रपणे गेले असे मानले तरी तेच चित्र उमटू शकते.

कातळसडा

मी सिंधुदुर्गातील आहे. आमच्याकडे न्हाणीच्या मोरीतून पावसाळ्यात वाळा येतो, तेव्हा निम्मे लोक त्याला गांडूळ समजतात आणि निम्मे सापाचे पिल्लू. देवगांडूळ बागेत निघाले की त्यालाही कोणी दुतोंड्या म्हणतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात पूर्ण बिनपायाची सापसुरळी आहे का?

खापरखवल्या

माझ्या माहितीत नाही, पण अर्धी वाट चाललेली आहे. रिओपा गटातील (पूर्वी लायगोसोमा) बारीक सापसुरळ्या आपल्याकडे दगडाखाली सापडतात. त्यांतील एकीला तर गोव्याचेच नाव आहे, रिओपा गोआएन्सिस. शरीर लांब, पाय इतके तोकडे की पळताना त्या ते अंगाला चिकटवून सरळ वळवळत जातात. पूर्ण पाय गेलेल्यांच्या शरीराचेही दोन घाट आहेत: काचसापासारखे लांब शेपटीचे, गवतातून पोहणारे, आणि बार्कुडियासारखे आखूड शेपटीचे, मातीत शिरणारे. रिओपाची चाल पाहिली की पहिला घाट कसा सुरू होत असेल याची कल्पना येते.

ओळखीचे म्हणाल, तर देवगांडुळाला खवले नसतात, अंग ओलसर आणि कड्याकड्यांचे असते. वाळ्याचे अंग कोरडे, चकचकीत आणि खवल्यांचे असते. दोन्ही निरुपद्रवी आहेत.

शब्दवेल्हाळ

माझा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. ‘ओफिसॉरस’चा अर्थही साप अधिक सरडा असाच होतो असे कोशात दिसते. ग्रीकात जे केले तेच सापसुरळीत आपल्या लोकांनी केले. मग सर्व शाखांना मिळून एक शब्द कशाला? बार्कुडियाला बिनपायाची सापसुरळी म्हणावे, लायलिसला बिनपायाची पाल म्हणावे. वर्गीकरणही त्यातच सांगून होईल.

टेम्सकाठ

आणि स्लो-वर्मला? बिनपायाची घोरपड म्हटले तर सासूबाई फावडे पुन्हा मागतील.

पानगळ

सर्वांचे आभार. छायाचित्राखाली मी आधी ‘पाय नसलेला सरडा’ असे लिहिले होते, ते खोडून ‘काचसाप, डोपासिया ग्रॅसिलिस, अँग्विडी कुळ, साप नव्हे’ असे लिहिले आहे. शब्दवेल्हाळ यांना ‘साप नव्हे’ असे सांगणाऱ्या नावातच ‘साप’ असणे खटकेल याची कल्पना आहे. चांगला शब्द सुचला की कळवावा, ओळ पुन्हा बदलीन. दरम्यान त्या चालकालाही छायाचित्र पाठवले. त्याचे उत्तर आले की त्यांच्या गावात हा दरवर्षी दिसतो, आणि पुढच्या वेळी शेपटीचे तुकडे मोजून सांगतो.